मापात न बसलेली संख्या

एका जुन्या वेबसाइटचा डेटाबेस नव्या सर्व्हरवर हलवण्याचे काम चालू असताना सभासदांच्या टेबलमध्ये एक गोष्ट दिसली आणि ती बरेच दिवस मनातून गेली नाही. फोन क्रमांकाच्या कॉलममध्ये एकच क्रमांक पुन्हा पुन्हा येत होता: २१४७४८३६४७. नावे वेगळी, पत्ते वेगळे, नोंदणीच्या तारखा कित्येक वर्षांत विखुरलेल्या, आणि फोन मात्र सगळ्यांचा एकच. पडद्यावर खाली सरकत जावे तसा तो ओळीमागून ओळीत येत राहायचा. मध्येच एखादा लहान, निराळा क्रमांक दिसायचा, बहुधा कोणाच्या तरी लँडलाइनचा, आणि पुन्हा तोच. या सर्व माणसांनी आपापला क्रमांक बरोबर लिहिला असणार. फॉर्म भरून झाल्यावर त्यांना नोंदणी यशस्वी झाल्याचा संदेशही आला असणार. लॉगमध्ये शोधले तर या कॉलमविषयी एकही एरर नव्हती. क्रमांक मात्र गेले ते गेलेच, कारण जे मुळात साठवलेच गेले नाही ते कोणत्याही बॅकअपमधून परत आणता येत नाही.

डेटाबेसशी ज्यांचा थोडाफार संबंध आला आहे त्यांनी ही संख्या एव्हाना ओळखली असेल. चिन्हासहित, म्हणजे धन किंवा ऋण असू शकणाऱ्या, ३२ बिटांच्या (शून्य-एकच्या ३२ खान्यांच्या) पूर्णांकात मावणारी ती सर्वांत मोठी संख्या आहे, आणि दहा अंकी मोबाइल क्रमांक तिच्याहून बहुतेक वेळा मोठाच असतो. न मावणारी संख्या आली तर काय करायचे, या प्रश्नाला मायएसक्यूएल या डेटाबेस प्रणालीचे पूर्वीचे उत्तर असे होते की मर्यादेचे जे टोक तिला जवळ असेल ते टोकच साठवायचे, एक वॉर्निंग नोंदवायची आणि पुढे जायचे. ती वॉर्निंग मुद्दाम विचारल्याशिवाय दिसत नसे आणि वेबसाइटच्या कोडमध्ये ती विचारण्याची तसदी क्वचितच कोणी घेत असे. २०१५ साली आलेल्या ५.७ या आवृत्तीपासून स्ट्रिक्ट मोड, म्हणजे न मावणारे मूल्य नाकारण्याची पद्धत, आपोआप चालू असतो, त्यामुळे तीच नोंद आता ‘आउट ऑफ रेंज व्हॅल्यू’, म्हणजे मूल्य मर्यादेबाहेर आहे, असे सांगणारी १२६४ क्रमांकाची एरर घेऊन परत फिरते. वजनकाट्याची सुई शेवटच्या खुणेवर जाऊन टेकली असेल तर कोणी ते वजन वहीत लिहून घेत नाही, कारण सुई टेकली याचा अर्थ वजन अजून कळलेले नाही एवढाच असतो. त्या जुन्या टेबलमध्ये वर्षानुवर्षे टेकलेली सुईच वजन म्हणून लिहिली जात होती.

तेव्हापासून मला या एका एररविषयी आपुलकी वाटू लागली आहे.

त्या संख्येचाही मला छंदच लागला. दोनशे चौदा कोटी चौऱ्याहत्तर लाख त्र्याऐंशी हजार सहाशे सत्तेचाळीस. ही मूळ संख्या आहे हे ऑयलर यांनी १७७२ च्या सुमारास सिद्ध केले, संगणकाची कल्पनाही कोणाच्या मनात नसताना. आणि आज ती वेबवर जागोजागी, कुठल्या ना कुठल्या कुंपणाचा शेवटचा खांब म्हणून उभी असलेली सापडते. ब्राउझरमध्ये चालणाऱ्या जावास्क्रिप्ट या भाषेत काही काळानंतर काम करवून घेणाऱ्या सेटटाइमआउटला दिलेला अवधी मिलिसेकंदांत मोजला जातो आणि तोही याच संख्येपर्यंत चालतो, म्हणजे जेमतेम चोवीस-पंचवीस दिवस. कोणी तीस दिवसांनंतरचे स्मरणपत्र लावायला जाते, तीस दिवसांचे दोनशे एकोणसाठ कोटी वीस लाख मिलिसेकंद होतात, ती संख्या ३२ बिटांत शिरताना ऋण होते, ऋण अवधी म्हणजे शून्य असे ब्राउझर समजतो, आणि स्मरणपत्र त्याच क्षणी येऊन धडकते. ब्राउझरच्या कन्सोलवर, म्हणजे चुका दाखवणाऱ्या खिडकीत, अक्षर उमटत नाही. २०१४ च्या डिसेंबरमध्ये यूट्यूबवरच्या एका गाण्याच्या दर्शकसंख्येने हाच आकडा ओलांडला आणि तिथला गणक ६४ बिटांचा केल्याचे यूट्यूबने सांगितले. १ जानेवारी १९७० पासूनचे सेकंद ३२ बिटांत मोजणाऱ्या सर्व व्यवस्थांना १९ जानेवारी २०३८ रोजी हाच खांब लागणार आहे, हे तर सर्वांना ठाऊक आहेच. पण मायएसक्यूएलच्या, याच मर्यादेत अडकलेल्या टाइमस्टॅम्प कॉलममध्ये २०४० साली संपणाऱ्या कराराची तारीख टाकू पाहणाऱ्या माणसासाठी २०३८ केव्हाच उजाडलेले असते. दूरची तारीख लिहिणाऱ्याला ती भिंत आजच लागते.

मर्यादेबाहेरचे मूल्य गुपचूप आत ओढून घेणे नेहमीच वाईट असते असे मात्र मी म्हणणार नाही, कारण वेबचा निम्मा चांगुलपणा त्याच सवयीवर उभा आहे. पानाचे रूप ठरवणाऱ्या सीएसएसमध्ये रंगाचा लाल घटक ३०० लिहिला तर ब्राउझर तो २५५ मानतो, पारदर्शकता दीड लिहिली तर ती एक मानतो, आणि पान उघडते. सरकपट्टीसारखा दिसणारा रेंज प्रकारचा इनपुट कमाल मर्यादेपलीकडचे मूल्य मिळाले तर कमाल खुणेवर जाऊन थांबतो. रंगातल्या एका चुकीसाठी वाचकाला कोरे पान दाखवणे हा त्याच्यावर अन्यायच झाला असता. मौज अशी की त्याच ब्राउझरमध्ये ऑडिओच्या आवाजाची पातळी शून्य ते एकच्या बाहेर दिली तर एरर येते, आणि चित्रे काढण्याच्या कॅनव्हासच्या ग्लोबल अल्फाला, म्हणजे पारदर्शकतेला, तसेच मूल्य दिले तर ते नुसते दुर्लक्षिले जाते, आधीचेच मूल्य कायम राहते. एकाच घरात तीन रीती आहेत. मला यातून माझ्यापुरते एवढे ठरवता आले की जिथे परिणाम लगेच डोळ्यांना दिसतो आणि मागे काही नोंद उरत नाही, तिथे मूल्य आत ओढून घ्यायला हरकत नाही. जिथे ते मूल्य उद्या कोणी तरी खरे मानून वापरणार आहे, तिथे ते ओढून घेण्याचा अधिकार प्रोग्रॅमला नाही.

जावास्क्रिप्टमध्ये रेंजएरर नावाची स्वतंत्र एरर आहे, पण ती फार कमी ठिकाणी बोलते. ऋण लांबीचा ॲरे, म्हणजे मूल्यांची यादी, मागितला, दशांश स्थळे ठरवणाऱ्या टूफिक्स्डला शंभरापेक्षा जास्त दशांश स्थळे मागितली, संख्या दोन ते छत्तीस यांच्या बाहेरच्या पायात लिहायला सांगितली, अवैध तारखेचे आयएसओ रूप मागितले, की ती ठामपणे उभी राहते. मात्र दहा घटकांच्या ॲरेतला पन्नासावा घटक मागितला तर जावास्क्रिप्ट ‘अनडिफाइन्ड’ हातावर ठेवते आणि काही घडलेच नाही असे वागते. तारखेच्या बाबतीत तर मला ही वागणूक सहन होत नाही. २०२३ च्या फेब्रुवारीची ३० तारीख वर्ष, महिना, दिवस अशा तीन सुट्या संख्यांतून बनवा, तुम्हाला २ मार्च मिळेल. फॉर्ममध्ये दिवस आणि महिना वेगवेगळ्या खान्यांत भरून घेतले असतील आणि महिन्याच्या खान्यात कोणाचे बोट चुकून दोनवर पडले असेल, तर त्या माणसाची जन्मतारीख परस्पर बदलते, आणि बदललेली तारीख सर्व नियमांत चोख बसते. त्यानंतरची कोणतीही तपासणी तिला पकडू शकत नाही, कारण तपासायला आता काही चुकीचे उरलेलेच नसते.

आणि जिथे रेंजएरर येते तिथेही ती पकडताना जपावे लागते. एखादे फंक्शन स्वतःलाच अखंड बोलावत राहिले आणि कॉल स्टॅक, म्हणजे अपुऱ्या राहिलेल्या कॉलची नोंद ठेवणारी जागा, भरला, तर क्रोम आणि नोड (ब्राउझरबाहेर जावास्क्रिप्ट चालवणारा प्रोग्रॅम) यांच्यात येणारी एररसुद्धा रेंजएररच असते. फायरफॉक्स तिला इंटर्नलएरर म्हणतो. म्हणजे संपूर्ण कामाभोवती एक मोठा ट्राय-कॅच, म्हणजे एरर पकडणारा सापळा, बांधून, रेंजएरर आली की ‘आपण दिलेली संख्या मर्यादेबाहेर आहे’ असा संदेश दाखवणारा कोड एखाद्या दिवशी निर्दोष आकडा लिहिलेल्या माणसाला दोष देईल, आणि खरा दोष कोडच्या पोटात तसाच राहील. पकडायचे असेल तर जिथे ती येऊ शकते त्या एका ओळीभोवतीच पकडावे, आणि त्याहून चांगले म्हणजे त्या ओळीपर्यंत जाण्याआधीच मूल्य तपासावे.

तपासावे असे म्हणणे सोपे आहे. ‘शून्यापेक्षा लहान किंवा शंभरापेक्षा मोठे असेल तर नाकारा’ ही ओळ प्रत्येकाने लिहिलेली असते आणि ती वाचताना पूर्ण वाटते. पण संख्येऐवजी नॅन आले, म्हणजे जे संख्याच नाही असे काही आले, तर ते शून्यापेक्षा लहान आहे का याचे उत्तर नाही, आणि शंभरापेक्षा मोठे आहे का याचेही उत्तर नाही. दोन्ही अटी खोट्या ठरतात आणि नॅन ऐटीत आत जाते. तीच ओळ उलट बाजूने लिहिली, शून्य ते शंभर यांच्या आत असेल तरच स्वीकारा अशी, तर नॅनला दार उघडत नाही. किती वर्षे झाली तरी या छोट्याशा उलटापालटीचे मला अप्रूप वाटते. रिकाम्या खान्याची गोष्टही अशीच. जावास्क्रिप्टमध्ये रिकाम्या अक्षरमालेची संख्या केली की शून्य मिळते, आणि शून्य जर मर्यादेत बसत असेल तर माणसाने न दिलेले उत्तर त्याचे उत्तर म्हणून नोंदवले जाते. फॉर्ममधून आलेले मूल्य अक्षरमालाच राहिले आणि तुलनाही दुसऱ्या अक्षरमालेशी झाली, तर ‘९’ हे ‘१०’ पेक्षा मोठे ठरते. अक्षांश आणि रेखांश यांची अदलाबदल झाली तर उणे नव्वद ते नव्वद या मर्यादेत बसणारा कोणताही रेखांश अक्षांश म्हणून खपून जातो. मर्यादेची तपासणी एवढेच सांगते की मूल्य अशक्य नाही. ते खरे आहे की नाही, हे तिला ठाऊक नसते, आणि तिच्याकडून तशी अपेक्षा करणाऱ्यांची नंतर फसगत होते.

या विषयावर विचार करताना संगणकशास्त्रज्ञ टोनी होअर यांनी १९८० च्या ट्युरिंग पुरस्काराच्या भाषणात सांगितलेली एक हकीकत मला नेहमी आठवते. इलियट कंपनीच्या संगणकासाठी त्यांनी अल्गॉल या प्रोग्रॅमिंग भाषेचा कंपायलर, म्हणजे तिचे यंत्राच्या भाषेत रूपांतर करणारा प्रोग्रॅम, बनवला तेव्हा ॲरेचा प्रत्येक निर्देशांक, प्रत्येक वेळी, प्रोग्रॅम चालत असतानाच खालच्या आणि वरच्या मर्यादेशी ताडून पाहिला जात असे. पुढे बऱ्याच वर्षांनी त्यांनी ग्राहकांना विचारले की वेग वाढावा म्हणून ही तपासणी बंद करण्याची सोय हवी आहे का, तेव्हा सर्वांनी एकमुखाने नको म्हटले. या चुका आपल्या रोजच्या कामात किती वेळा होतात आणि त्या न सापडणे किती महाग पडेल, हे त्यांना अनुभवाने कळले होते. त्या काळी यंत्राचा एकेक क्षण मोलाचा होता, आणि तरीही त्या लोकांनी तपासणीवर तो खर्च करणे पसंत केले, याचे मला फार कौतुक वाटते. त्यानंतर तीन दशकांहून अधिक काळ गेल्यावर, एप्रिल २०१४ मध्ये, हार्टब्लीड नावाची सुरक्षेतली त्रुटी उघडकीला आली. सुरक्षित जोडणीसाठी वापरल्या जाणाऱ्या ओपनएसएसएलमध्ये एक संगणक दुसऱ्याला छोटा संदेश पाठवतो, सोबत त्या संदेशाची लांबी सांगतो, आणि दुसऱ्याने तोच संदेश परत करायचा असतो. सांगितलेली लांबी आणि आलेल्या संदेशाची लांबी यांचा मेळ कोणी घातलाच नव्हता. एक अक्षर पाठवून चौसष्ट हजारांची लांबी सांगितली की सर्व्हर आपल्या मेमरीतले पुढचे जे हाताला लागेल ते, पासवर्ड असो की खासगी किल्ली, परत पाठवत असे. दुरुस्ती लहानच होती: लांबी प्रत्यक्षाहून मोठी असेल तर संदेश गुपचूप टाकून द्यायचा. या देवाणघेवाणीचे नियम सांगणाऱ्या आरएफसी ६५२० या दस्तऐवजात तसेच लिहिलेले होते. तिथे काही न बोलणेच योग्य होते, कारण पलीकडे उत्तराची वाट पाहणारा प्रामाणिक माणूस नव्हता आणि खोटे मूल्य कुठे साठवलेही जाणार नव्हते.

प्रामाणिक माणूस पलीकडे असेल तेव्हा मात्र त्याला काय सांगायचे हा प्रश्न उरतोच, आणि आपल्या व्यवसायात त्याची हेळसांड होते याचे मला दुःख आहे. ‘अवैध मूल्य’ एवढेच सांगणाऱ्या एररने त्या माणसाला मदत केलेली नसते. मर्यादा कोणती आहे, तुमचे मूल्य तिच्या कोणत्या बाजूला पडले आणि कोणत्या खान्यातले पडले, हे प्रोग्रॅमला त्या क्षणी नेमके ठाऊक असते. ते सांगायला एक वाक्य पुरते. ब्राउझर आणि सर्व्हर ज्या नियमांनी बोलतात त्या एचटीटीपीमध्ये याचा एक सुंदर नमुना आहे. एखाद्या फाइलचा ठरावीक तुकडा मागणाऱ्याने तिच्या लांबीपलीकडचा भाग मागितला, तर सर्व्हर ४१६ हा संकेत परत करतो आणि सोबतच्या हेडरमध्ये फाइलची खरी लांबी सांगू शकतो. तसे झाले की मागणाऱ्याला पुन्हा अंदाज करावा लागत नाही. याच्या अगदी उलट अनुभव पानांच्या क्रमांकाचा येतो. पत्त्यातला पान क्रमांक कोणी शून्य केला, की त्यातून एक वजा होतो, पानावरच्या नोंदींच्या संख्येने गुणाकार होतो, आणि पोस्टग्रेएसक्यूएल ही डेटाबेस प्रणाली म्हणते की ऑफसेट, म्हणजे आधीच्या किती नोंदी सोडायच्या ती संख्या, ऋण असू शकत नाही. डेटाबेसने आपले काम चोख केलेले असते, पण ती एरर मधे कोणी न अडवल्यामुळे माणसासमोर ५०० येतो, म्हणजे सर्व्हर बिघडला अशी कबुली. सर्व्हर बिघडलेला नसतो. असे पान नाही, एवढेच सांगायचे असते, आणि त्यासाठी ४०४ किंवा ४०० हे संकेत आहेत. रात्री अलार्म वाजून उठणाऱ्या सहकाऱ्यासाठीही हा फरक मोठा आहे.

ब्राउझरमधल्या फॉर्मला किमान आणि कमाल मर्यादा लिहिल्या की काम झाले असे समजणारे बरेच भेटतात. त्या मर्यादा भरणाऱ्याच्या सोयीसाठी आहेत. सर्व्हरला पाठवलेली विनंती फॉर्मशिवायही तयार करता येते, म्हणून तीच तपासणी सर्व्हरवर पुन्हा करावी लागते, आणि शेवटचा पहारा डेटाबेसच्या चेक अटीचा, म्हणजे टेबलमध्येच लिहिलेल्या मर्यादेचा, असावा. इथेही मायएसक्यूएलचा इतिहास विचित्र आहे. ८.०.१६ या आवृत्तीपर्यंत, म्हणजे २०१९ पर्यंत, टेबल बनवताना लिहिलेली चेक अट ते वाचत असे आणि सोडून देत असे. लिहिणाऱ्याला पहारेकरी नेमल्याचे समाधान मिळत असे आणि दारावर कोणीच उभे नसे.

पण मर्यादा ठरवतो कोण, हा प्रश्न मला या सर्वांहून अवघड वाटतो. ३२ बिटांची मर्यादा यंत्राची आहे, फोन क्रमांकाशी तिचा काही संबंध नाही. फोन क्रमांकाची कोणी बेरीज करत नाही, त्याच्या सुरुवातीला शून्य किंवा अधिकचे चिन्ह असू शकते; तो अक्षरमाला म्हणून साठवला असता तर त्या जुन्या टेबलमध्ये मर्यादेचा प्रश्न उद्भवलाच नसता. याउलट जन्मवर्षाची यादी कोणी १९३० पासून सुरू करतो, तेव्हा ती मर्यादा यंत्राची नसते, ती लिहिणाऱ्याच्या कल्पनेची असते. त्या यादीत आपले वर्ष न सापडणारी वृद्ध व्यक्ती काही चूक करत नसते. ती जवळचे म्हणून १९३० निवडते, कारण पुढे जायचे असते, आणि सुई पुन्हा एकदा टोकाला टेकते. या वेळी ती टेकवण्याचे काम माणसाकडूनच करवून घेतलेले असते. म्हणून नाकारलेल्या मूल्यांची नोंद ठेवावी आणि ती अधूनमधून वाचावी, असा माझा आग्रह असतो. निदान कोणत्या खान्यात, कोणत्या टोकाला, किती वेळा, एवढे तरी. एकाच टोकाला नकार साचत असतील तर बहुधा मूल्ये खरी असतात आणि मर्यादा आखूड असते.

जावास्क्रिप्टमध्ये तारखांसाठी नव्याने आलेल्या टेम्पोरलमध्ये ही निवड उघडपणे लिहिता येते, म्हणून मला ती आवडते. सुट्या संख्यांतून तारीख बनवताना ‘ओव्हरफ्लो’ या पर्यायात ‘कन्स्ट्रेन’ लिहिले तर ३० फेब्रुवारीची २८ होते आणि ‘रिजेक्ट’ लिहिले तर रेंजएरर येते. काही न लिहिल्यास ‘कन्स्ट्रेन’ गृहीत धरले जाते, हे मला पटत नाही, पण महिन्यांची बेरीज करताना ते सोयीचे आहे हे मान्य करावे लागते: ३१ जानेवारीला सुरू केलेल्या मासिक वर्गणीची पुढची तारीख २८ फेब्रुवारी यावी अशीच वर्गणीदाराची अपेक्षा असते, आणि तिथे एरर दाखवणे हा आडमुठेपणा ठरेल. जन्मतारखेच्या खान्यात मात्र मी ‘रिजेक्ट’ लिहिते, आणि ती एरर पकडून त्या महिन्यात किती दिवस आहेत ते संदेशात सांगते. दोन्ही ठिकाणी पर्याय शब्दांत लिहिलेला असावा, गृहीत धरलेला असेल तोसुद्धा, म्हणजे पुढे तो कोड वाचणाऱ्याला कळेल की इथे कोणी तरी थांबून ठरवले होते.